सुचणं, करणं आणि छापणं: कोकणातल्या डिझायनरांचे प्रश्न

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांतून या अंकासाठी सात निवडले आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत आणि मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : हंगामात आंब्याच्या पेट्या आणि खोक्यांची डिझाइन्स करतो. काम हातात घेतलं की आधी पिंटरेस्ट उघडतो, तासभर बघतो आणि शेवटी सगळं सारखंच होतं: पिवळा गोल, दोन आंबे, एक पान. नवीन सुचत नाही. (देवगड)

पिंटरेस्ट बघण्यात गैर काही नाही, पण तुम्ही ते फार लवकर उघडताय. १९९१ मध्ये डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ या संशोधकांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना काही वस्तू आखायला दिल्या. त्यात एक होता न सांडणारा कॉफीचा कप. काहींना आधी नमुना दाखवला. नमुन्यात नळी होती आणि सूचनेत मात्र नळी वापरू नका असं स्पष्ट लिहिलं होतं. तरीही नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांत नळी येत राहिली. चूक डोळ्यांसमोर असूनही हात तिकडेच वळतो. तुमचा पिवळा गोल याच वाटेने येतो.

म्हणून क्रम उलटा करा. पहिला अर्धा तास स्क्रीन बंद ठेवा आणि बागायतदाराला फोन लावा. पेटी कुठे जाणार, कोण उघडणार, थप्पीत तिची कुठली बाजू दिसणार आणि त्याच्या बागेत असं काय आहे जे शेजारच्या बागेत नाही, एवढं विचारा. यातला थप्पीचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. वाशीच्या बाजारात पेट्या एकावर एक लागतात, झाकणावरचं चित्र झाकलं जातं आणि समोर राहते ती आखूड बाजू. तिथे माणसं बागायतदाराचं नाव आणि डझनाचा आकडा शोधतात. या दोन गोष्टी चार-पाच हातांवरून वाचता आल्या पाहिजेत, बाकी सजावट त्यानंतर. थेट घरी जाणारी पेटी मात्र वरून उघडते. तिच्या झाकणाची आतली बाजू बहुतेक जण कोरीच सोडतात. आंबा गवतात किती दिवस ठेवायचा, तयार झाल्याची खूण काय, हे तिथे छापलं तर ग्राहक ते नक्की वाचतो.

फोननंतर ए-फोर कागदाला चार घड्या घालून सोळा चौकोन पाडा आणि जाड मार्करने प्रत्येकात दोन मिनिटांत एक रचना काढा. जाड मार्करने बारीक नक्षी करता येत नाही, त्यामुळे रचनाच ठरवावी लागते. पहिले पाच-सहा चौकोन ओळखीचेच भरतील, भरू द्या. पुढच्या चौकोनांसाठी स्वतःला एकेक अट घाला: आंबा काढायचा नाही, एकच रंग, नुसती अक्षरं. अक्षरांची अट हलकी समजू नका. कमल शेडग्यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशी घडवली की नाटकाचा स्वभाव अक्षरांच्या वळणातच कळायचा.

संदर्भ हवाच असेल तर तो जवळच आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, बघायला जा, आणि देवादिकांच्या चित्रांपाशी न थांबता त्या संचाची योजना बघा. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे (बदाम-इस्पिकसारखे) दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण १२० पानं. प्रत्येक अवताराची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची आणि खूण वेगळी: मत्स्याला मासा, कूर्माला कासव. बारांपैकी दहा पानांवर ती खूण एक ते दहा वेळा येते, उरलेली दोन राजा आणि प्रधान. हातात पंख्यासारखी धरलेली गोल पानं कडेवरच्या रंगावरूनच ओळखू येतात. तुमच्या बागायतदाराच्या चार, पाच आणि सहा डझनांच्या पेट्यांना हीच शिस्त लावता येते: एक खूण कायम, डझनानुसार कडेचा रंग वेगळा. चित्रं दाखवत कथा सांगणारी पिंगुळीची चित्रकथीही बघा, पण त्यातली आकृती उचलून पेटीवर टाकू नका. ती ठाकर कलावंतांची आहे. हवी असेल तर त्यांच्याकडून काढून घ्या, मोबदला द्या आणि पेटीवर नाव छापा.

यानंतर पिंटरेस्ट खुशाल उघडा. आता तुम्ही ठरवलेल्या रचनेला कुठला कागद किंवा कुठली छपाई शोभेल, एवढंच तिथे शोधायचं आहे.

प्रश्न : गिऱ्हाईक एआयने केलेलं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं आणि म्हणतं, याचा १० बाय ४ चा बोर्ड काढा. छापलं की चित्र फाटतं, म्हणजे कण कण दिसतात, आणि दोष माझ्यावर येतो. शिवाय माझं काम काय उरलं, असंही वाटतं. (कुडाळ)

आधी गणित. असं चित्र बहुधा १०२४ ते १५३६ पिक्सेल रुंद असतं. १० फूट म्हणजे १२० इंच, त्यात १०२४ पिक्सेल बसवले की इंचाला जेमतेम साडेआठ येतात. किती लागतात हे बघणाऱ्याच्या अंतरावर ठरतं. अंतर इंचांत घ्या आणि ३४३८ ला त्याने भागा. उत्तर येईल तेवढे पिक्सेल प्रति इंच असले की निरोगी डोळ्याला कण वेगळे दिसत नाहीत. हातातल्या पुस्तकाला, म्हणजे १२ इंचांवर, २८६ येतात. छापखान्याचा ३०० चा आग्रह इथूनच येतो. २० फुटांवर १४ पुरतात, ५ फुटांवर ५७ लागतात. साडेआठवाला बोर्ड साधारण ३४ फुटांपलीकडून बरा दिसेल. हायवेवर उंच टांगला तर चालून जाईल, दुकानाच्या दारावर मात्र फाटणारच. गिऱ्हाइकाला हा हिशोब कागदावर करून दाखवा. "क्वालिटी नाही" म्हटलं की वाद होतो, आकडा दाखवला की माणूस ऐकतो.

आता फाईल. मूळ चित्र ज्या अ‍ॅपमध्ये केलं त्यातूनच डाउनलोड करून घ्यायला सांगा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नाहीतर आहे तेही लहान होऊन येतं. मोठं करणारी सॉफ्टवेअर समुद्र, आकाश, झाडी यांना चालतात. चेहरा आणि अक्षरं यांत ती स्वतःच्या मनाने तपशील भरतात. एआय चित्रातली देवनागरी तर तशीच कधी ठेवू नका. मात्रा भलतीकडे, जोडाक्षर अर्धवट आणि काना दोनदा हे प्रकार नेहमीचे आहेत. चित्रातली सगळी अक्षरं पुसा आणि वेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या आकृत्यांत, नव्याने टाका. अक्षरांच्या कडा धारदार राहिल्या तर मागचं चित्र थोडं मऊ असलं तरी बोर्ड वाचला जातो.

रंगाची तक्रारही इथेच येते. पडद्यावरचा झगझगीत केशरी छपाईच्या चार शायांत बसत नाही. आपोआप रूपांतर केलं की केशरीत निळसर सायन शिरते आणि आंबा मळकट दिसतो. हापूससाठी यलो (पिवळी शाई) १०० टक्के, मॅजेंटा (गुलाबी) ३५ ते ४५ आणि सायन शून्य ते ५ इथून सुरुवात करा. सायन १० च्या वर गेली की फळ शिळं वाटायला लागतं.

तुमचं काम काय उरलं, हे तुम्ही शेवटी विचारलंय, पण आमच्या मते तोच मुख्य प्रश्न आहे. ते चित्र म्हणजे गिऱ्हाइकाची फर्माईश समजा. त्याला विचारा, यातलं नेमकं काय आवडलं? रंग, मांडणी की त्यातलं घर? पुष्कळदा उत्तर एका गोष्टीपुरतं असतं, बाकी सगळं तुमच्यासाठी मोकळं राहतं. आणि दर दोन प्रकारचे लावा: आलेली फाईल छपाईयोग्य करून देण्याचा एक, नव्याने डिझाइन करण्याचा दुसरा. दोन्ही आकडे कोटेशनवर शेजारी शेजारी लिहा.

प्रश्न : हॉटेलचं मेनूकार्ड केलं. माझ्याकडे बरोबर दिसणारं मराठी छापखान्यात मोडलं. वेलांट्या सुटल्या, 'ऱ्या' गेला. (मालवण)

दोन वेगळ्या जागी हे बिघडतं. पहिली जागा सॉफ्टवेअरमधली मांडणीची सेटिंग. इनडिझाइनमध्ये पॅरॅग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी पॅरॅग्राफ कंपोझर' निवडावा लागतो. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात 'शो इंडिक ऑप्शन्स'वर खूण करा आणि मग पॅरॅग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' कंपोझर घ्या. इंकस्केपमध्ये वेगळं काही करावं लागत नाही. दुसरी जागा म्हणजे जुने, युनिकोड (सगळ्या संगणकांची सामायिक अक्षरपद्धत) येण्याआधीचे फॉन्ट. त्यांत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी चिन्हं साठवलेली असतात. छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की ती चिन्हंच उघडी पडतात. नवं काम युनिकोडमध्येच करा. 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, व्यावसायिक छपाईला चालतात.

'ऱ्या' टाइप करताना साधा र घेऊ नका, नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य असा क्रम ठेवा. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर मजकुराची भाषा 'मराठी' निवडा. फॉन्टात ते असतील तर आपोआप येतात.

नवा फॉन्ट किंवा नवी मशीन आली की ही ओळ टाकून तपासा: 'किनाऱ्यावरचा विद्यार्थी ज्ञानेश्वरी, तिरफळं, शेंगदाणे, ओल्या मिरच्या आणि लक्ष्मीपूजन'. अर्धा र, रफार, वेलांटी, जोडाक्षरं, ल आणि श सगळं एका ओळीत येतं.

छापखान्याला देताना फाईलची प्रत काढून तिच्यात अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करा, मग फॉन्ट लागत नाही, आणि पीडीएफ द्या. मूळ फाईल तशीच जपा. मूळ फाईलवर कर्व्ह केलेली सेव्ह झाली, तर पुढच्या वर्षी सुरमईचा भाव बदलताना सगळा मेनू पुन्हा टाइप करावा लागतो.

प्रश्न : घरूनच मुंबईच्या एजन्सीला काम देते. नगावर पैसे मिळतात, रोज बारा-पंधरा सोशल मीडिया पोस्ट. पूर्वी रात्र रात्र चित्रं काढायचे, आता पेन्सिल हातात घ्यावीशी वाटत नाही. पैसे बरे आहेत, तरी असं का होतं? (गुहागर)

तुमच्या प्रश्नात उत्तराचा धागा आहे, आणि त्यावर चांगला अभ्यास झालेला आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच हौस असलेल्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. दुसऱ्याला न सांगता शेवटी दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ठरवून बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची हौस मात्र टिकली. बक्षिसाने हौस मारली असं सरसकट म्हणता येत नाही. 'हे केलंस तर ते मिळेल' या बोलीने ती मारली, आणि नगावर दर ही तीच बोली आहे.

दुसरा प्रयोग सॅम ग्लक्सबर्ग यांचा, १९६२ चा. टेबलावर मेणबत्ती, काड्यापेटी आणि खोक्यात भरलेल्या टाचण्या. मेणबत्ती भिंतीला अशी लावायची की मेण खाली टेबलावर पडू नये. युक्ती अशी की खोकं रिकामं करून तेच भिंतीला ठोकायचं. लवकर करणाऱ्याला पैसे देऊ असं सांगितलेल्यांना उलट जास्त वेळ लागला. पण टाचण्या खोक्याबाहेर ठेवून दिल्या, म्हणजे उत्तर समोरच होतं, तेव्हा पैशाच्या आशेने माणसं भराभर करती झाली. तुमच्या कामात दोन्ही प्रकार मिसळलेले आहेत. एका पोस्टचे पाच आकार करणं हे दुसऱ्या प्रकारचं काम, तिथे नगावर दर योग्य आहे. मोहिमेची मूळ कल्पना पहिल्या प्रकारची, तिथे नगावर दर तुमचं डोकं बांधून टाकतो.

तेव्हा एजन्सीशी बोलताना दर वाढवायच्या आधी दर वेगळे करून मागा. महिन्याच्या मूळ रचनांसाठी एकरकमी फी आणि ठरलेले दिवस. त्यातून निघणाऱ्या आकारांसाठी नगावर. करेक्शनच्या दोन फेऱ्या दरात धरलेल्या, तिसरीपासून वेगळा आकार. प्रतिक्रिया एकाच माणसाकडून, एकत्र करून आणि कारणासह यावी. "जरा पॉप करा" यातून काही शिकता येत नाही, "फोनवर किंमत वाचता येत नाही" यातून येतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी प्रेरणेसाठी तीन गरजा मांडल्या: स्वतः ठरवण्याची मुभा, जमतंय ही जाणीव आणि माणसांशी जोडलेपण. तिसरी घरून काम करताना सगळ्यात आधी आटते. जिल्ह्यातल्या दोन-तीन डिझायनरांनी पंधरवड्याला एकदा प्रत्यक्ष बसून एकमेकांची अर्धवट कामं बघावीत. पूर्ण झालेली कामं दाखवली की नुसतं कौतुक होतं, अर्धवट कामावर बोलणं होतं.

आकार बदलण्याचं काम मशीनकडे द्या. मजकुराची यादी शीटमध्ये भरून इनडिझाइनच्या डेटा मर्जने किंवा इलस्ट्रेटरच्या व्हेरिएबल्सने पन्नास पोस्ट एका दमात निघतात. साचा नीट बांधायला एक दिवस जातो. त्यात सगळ्यात लांब नाव आणि सगळ्यात लांब गावाचं नाव टाकून आधी तपासा, नाहीतर तिसाव्या पोस्टमध्ये मजकूर चौकटीबाहेर जातो. वाचलेला वेळ आणखी नग घेण्यात घालवू नका. तो मूळ रचनेला द्या, आणि थोडा विकायचं नाही अशा चित्राला. ते चित्र इन्स्टाग्रामवरही टाकू नका, लाइक मोजले की पुन्हा तीच बोली सुरू होते.

एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. चित्रांबरोबर झोप, भूक आणि माणसांत मिसळणंही दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, तर हा विषय कामाच्या दरांचा नाही. डॉक्टरांना भेटा. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : पावसाळ्यात छपाई बिघडते, वीज जाते, फाईली उडतात. काय सांभाळावं? (चिपळूण)

कागद आधी. ऑफसेट छपाईला हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास मानवते. आपल्याकडे जुलैत ती ८०-९० असते. उघड्या रिमच्या (कागदाच्या गठ्ठ्याच्या) कडा ओल शोषतात, मधला भाग कोरडा राहतो आणि कडा लाटांसारख्या होतात. असा कागद मशीनमध्ये सरळ जात नाही, रंग एकावर एक नीट बसत नाहीत. म्हणून रिम छपाईच्या दिवशीच फोडायला सांगा. डिझाइनमध्येही सावध राहा: बारीक अक्षरं चार रंगांत नकोत, नुसत्या काळ्यात ठेवा. गडद चित्रावर पांढरी अक्षरं किमान १० पॉइंट आणि ठळक ठेवा. ओलसर हवेत शाई उशिरा वाळते आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते. गणपतीच्या अंकासाठी एकूण शाई (चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज) ३०० टक्क्यांऐवजी २६० पर्यंत उतरवा आणि कापण्याआधी एक दिवस जादा धरा. घडी नेहमी कागदाच्या धाग्याच्या दिशेने घ्या, आडवी घेतली तर जाड कागद फुटतो.

वीज: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंत भार घेतो आणि संगणक व मॉनिटर दहा-पंधरा मिनिटं चालवतो. तेवढा वेळ फाईल सेव्ह करून बंद करण्यासाठी आहे. लेझर प्रिंटर त्याच्यावर लावू नका, तापताना तो एकदम मोठा प्रवाह ओढतो. इलस्ट्रेटरचं आपोआप होणारं रिकव्हरी सेव्ह दोन मिनिटांवर ठेवा.

फाईलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत दुकानंच्या दुकानं पाण्याखाली गेली, तेव्हा त्याच खोलीत ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. नेट धिमं असेल तर पूर्ण डिस्क चढवत बसू नका, त्या दिवशीचं फोल्डर रात्री लावून द्या. बाहेरची डिस्क आणि कॅमेऱ्याच्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलसोबत, वरच्या मजल्यावर ठेवा. जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवा, पुन्हा निळं होतं.

प्रश्न : पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन होत नाही. (रत्नागिरी)

तपकिरी पुठ्ठ्यावर शाई पसरते आणि पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्यांच्या रेघा उमटतात. कोड ३ सेंटिमीटरहून लहान ठेवू नका. चारही बाजूंना कोडातल्या चार ठिपक्यांएवढी कोरी जागा सोडा. काळ्याखेरीज रंग नको, उलटा पांढरा तर नकोच. दुवा लहान ठेवा, म्हणजे ठिपके मोठे होतात. चुका भरून काढण्याची पातळी 'क्यू' घ्या, तिच्यात चौथा भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. कोडावर लोगो चिकटवायचा मोह टाळा.

आणि खोक्यावर 'हापूस' छापण्याआधी बागायतदाराकडे भौगोलिक मानांकनाचं अधिकृत वापरकर्ता प्रमाणपत्र आहे का, ते विचारा. हे मानांकन २०१८ पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळाला आहे.

प्रश्न : होमस्टेचा लोगो केला, आता मालक 'ओपन फाईल', म्हणजे थरांसकट बदलता येणारी मूळ फाईल, मागतात. द्यावी का? (सावंतवाडी)

फाईल आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, नोकरीत असताना केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं ठरतं. स्वतंत्र व्यावसायिकाने आखलेल्या लोगोचा हक्क सर्वसाधारणपणे त्याच्याकडेच राहतो. पैसे देऊन करून घेतलेलं छायाचित्र किंवा रंगचित्र मात्र, करार नसल्यास, करून घेणाऱ्याचं होतं. हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता.

होमस्टेवाल्याला आयुष्यभर तो लोगो वापरायचा आहे, ही त्याची गरज रास्त आहे. तेव्हा पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क कायमचे आणि जगभरासाठी दिले, असं एक पानी पत्र करून द्या, आणि फी ठरवतानाच त्याची किंमत धरा. त्याच पत्रात लिहा की न निवडलेले आराखडे तुमचे राहतील, फॉन्टचा परवाना त्यांनी वेगळा घ्यायचा आहे आणि लोगो तुम्ही तुमच्या कामांत दाखवू शकता. सोबतच्या फोल्डरमध्ये कर्व्ह केलेला वेक्टर पीडीएफ, एसव्हीजी, पारदर्शक पीएनजी, एकरंगी आवृत्ती आणि रंगांचे छपाईसाठीचे (सीएमवायके) व पडद्यासाठीचे (आरजीबी) आकडे ठेवा. मूळ कामाची फाईल, थर आणि नाकारलेल्या रचनांसकट, देण्याची गरज नाही.